विश्लेषण : अमेरिकेत घरीच काडतुसे भरणाऱ्या हौशींचे नवे इलेक्ट्रॉनिक प्रयोग काय आहेत? त्यातील धोके कोणते?

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता ती घरीच पुन्हा भरायची, हा अमेरिकेतील नेमबाजांचा आणि शिकाऱ्यांचा जुना छंद. गॅरेजमधल्या टेबलाला घट्ट बसवलेले, दांडा ओढून चालवायचे लोखंडी यंत्र हे त्याचे मुख्य साधन. अलीकडच्या वर्षांत मात्र या यंत्रांना स्वस्त मायक्रोकंट्रोलर, लहान मोटारी, सेन्सर आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेले सुटे भाग जोडले जाऊ लागले आहेत. ही जोडणी अनेकदा यंत्राच्या कंपनीने नव्हे, तर वापरणाऱ्याने स्वतः केलेली असते. मानवी चूक टाळण्यासाठी बसवलेली ही साधने खरोखर चूक टाळतात की तिचे स्वरूप बदलतात, याविषयी...

काडतुसे पुन्हा भरणे म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी असलेला प्रायमर म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, आत भरलेली धूरविरहित दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बंदूक झाडल्यावर गोळी निघून जाते, दारू जळते आणि प्रायमर निकामी होतो. पुंगळी मात्र शाबूत राहते. ती काडतुसाचा बहुधा सर्वांत महाग भाग असते आणि अनेकदा वापरता येते. जुना प्रायमर काढणे, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापात आणणे, नवा प्रायमर बसवणे, मोजून दारू भरणे आणि गोळी बसवणे या क्रियेला ‘रीलोडिंग’ म्हणतात. साध्या यंत्रावर एका वेळी एकच क्रिया होते. ‘प्रोग्रेसिव्ह’ प्रकारच्या यंत्रात दांड्याच्या प्रत्येक ओढीबरोबर अनेक पुंगळ्या एकेक टप्पा पुढे सरकतात आणि तासाला शेकडो काडतुसे तयार होतात. आरसीबीएस, हॉर्नाडी, ली, डिलन या अमेरिकी कंपन्या अशा यंत्रांसाठी प्रसिद्ध आहेत.

हा छंद तिथे इतका का रुजला?

पहिले कारण पैशांचे. नियमित सराव करणाऱ्याला कारखान्यातील काडतुसे परवडत नाहीत. दुसरे कारण अचूकतेचे. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत प्रत्येक गोळीचा वेग जवळपास सारखा असावा लागतो. आपल्या रायफलीला मानवेल असे काडतूस नेमबाज स्वतः जुळवतो. तिसरे कारण टंचाईचे. करोनाकाळात २०२० पासून अमेरिकेत बंदुकांची खरेदी वाढली आणि दुकानांतील काडतुसे संपली. त्याच वर्षी रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे युक्रेन युद्धामुळे तोफगोळ्यांची मागणी वाढली, तशी दारूचा मूळ घटक असलेल्या नायट्रोसेल्युलोजचीही चणचण निर्माण झाली. शिवाय हा बाजार मोजक्याच हातांत आहे. सीसीआय, फेडरल आणि रेमिंग्टन हे प्रायमरसाठी ओळखले जाणारे तीन मोठे ब्रँड नोव्हेंबर २०२४ पासून चेक प्रजासत्ताकातील ‘सीएसजी’ या एकाच समूहाकडे आहेत. प्रायमर आणि दारू घरी बनवता येत नाही. ती विकतच घ्यावी लागते. त्यामुळे टंचाईची झळ रीलोडिंग करणाऱ्यांनाही बसलीच.

इलेक्ट्रॉनिक्स नेमके कुठे जोडले जाते?

सर्वाधिक प्रयोग वजनकाट्याभोवती होतात. दारू ‘ग्रेन’ या मापात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. सराफाची एक गुंज जवळपास दोन ग्रेनची. पिस्तुलाच्या एका काडतुसात बहुधा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी दारू असते. जपानच्या ‘ए अँड डी’ कंपनीचा प्रयोगशाळेसाठी बनवलेला एक काटा मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवतो आणि तो आकडा तारेवाटे दुसऱ्या उपकरणाला कळवतो. दाणा-दाणा दारू सोडणारी मोटार या काट्याला जोडण्याची कल्पना नेमबाजांनी उचलली. कॅनडात तयार झालेले ‘ऑटोट्रिकलर’ हे उपकरण याच वाटेने बाजारात आले. ‘ओपनट्रिकलर’सारख्या प्रकल्पात तर आराखडा आणि प्रोग्राम दोन्ही सर्वांसाठी खुले आहेत.

दुसरा प्रयोग पुंगळ्या तापवण्याचा. तांबट भांडे घडवताना ते मधूनमधून भट्टीत तापवतो, कारण ठोके खाऊन धातू ताठर होतो आणि पुढे तडकतो. पुंगळीचेही तसेच. वारंवार फुगून आणि दाबली जाऊन तिची मान कडक होते. ती मऊ करण्यासाठी मान काही क्षण तापवतात. पूर्वी हे गॅसच्या ज्योतीवर, अंदाजाने होई. आता तारेच्या वेटोळ्यातून वेगाने बदलणारा प्रवाह सोडून पितळ तापवणारी इंडक्शन यंत्रे आली आहेत. न्यूझीलंडच्या एका कंपनीचे यंत्र नावाजलेले आहे, पण महाग. म्हणून अनेक जण सुटे भाग आणून तसेच यंत्र घरी जुळवतात.

तिसरा प्रयोग दांड्याच्या जागी मोटार बसवण्याचा आणि प्रत्येक टप्प्यावर सेन्सर लावण्याचा. पुंगळी जागेवर आहे का, प्रायमर संपले का, दारूची पातळी ठीक आहे का, हे सेन्सर पाहतो आणि गडबड दिसली तर यंत्र थांबवतो.

चूक झाली तर काय होते?

चुका मुख्यतः दोन. पुंगळीत दारू पडलीच नाही, तर केवळ प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. ते लक्षात न येता पुढची गोळी झाडली, तर नळी फुगते किंवा फुटते. दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा दारू. पिस्तुलाच्या अनेक काडतुसांत दारू पुंगळीचा थोडाच भाग व्यापते, त्यामुळे दुप्पट दारूही सहज मावते आणि वरून काही कळत नाही. नऊ मिलिमीटर काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा प्रति चौरस इंच ३५ हजार पौंड आहे. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या ती सुमारे हजार पट भरते. ही मर्यादा ओलांडणारा स्फोट झाडणाऱ्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होतो. बोटे आणि डोळे गमावण्याचा धोका तिथे असतो.

मग सेन्सर लावल्याने धोका कमी होत नाही का?

काही प्रमाणात होतो. कंटाळा, घाई आणि मध्येच वाजलेला फोन ही या छंदातील अपघातांची नेहमीची कारणे. सेन्सरला कंटाळा येत नाही. रिकामी किंवा दुप्पट भरलेली पुंगळी तो हटकून पकडू शकतो. पण पातळी पाहणारा सेन्सर दारू साधारण किती उंच आहे एवढेच सांगतो. थोडी जास्त पडलेली दारू त्याला बऱ्याचदा कळत नाही. आणि डब्यात मुळात वेगळ्याच जातीची दारू ओतली असेल, तर अचूक काटाही चुकीच्या दारूचे अगदी बरोबर वजन करून देतो. दारूच्या प्रत्येक जातीचा जळण्याचा वेग वेगळा असतो. एका जातीचे सुरक्षित माप दुसऱ्या जातीसाठी घातक ठरू शकते.

काट्यांच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. स्वस्त इलेक्ट्रॉनिक काट्यांचा शून्य तापमान बदलले की सरकतो. पंख्याची झुळूक आणि विजेच्या उपकरणांचा हस्तक्षेप यांनीही आकडा हलतो. माणूस काट्याकडे पाहत असेल, तर त्याला संशय येतो. मोटार मात्र तोच आकडा खरा मानून पुढे जाते.

हाताने दांडा ओढताना पुंगळी तिरकी बसली किंवा प्रायमर अडला, तर ते बोटांना जाणवते आणि हात थांबतो. मोटारीला असा स्पर्श नसतो. तिला किती जोर लागला की थांबायचे, हे आधी ठरवून द्यावे लागते. ते चुकले तर ती अडलेला प्रायमर चिरडते. प्रायमर धक्क्याने, उष्णतेने आणि स्थिर विजेच्या ठिणगीने पेटू शकतात. एक पेटला की शेजारचे एकदम उडण्याचा धोका असतो. पुंगळ्या तापवण्याच्या यंत्रात वेळेचे गणित बिघडले, तर उष्णता मानेवरून बुडापर्यंत उतरते. बूड मऊ झालेली पुंगळी दाब सोसू शकत नाही आणि पुंगळीकडे नुसते पाहून हे खात्रीने ओळखता येत नाही. कंपनीचे उत्पादन बाजारात येण्याआधी अशा शक्यता तपासल्या जाणे अपेक्षित असते आणि दोष निघाला तर कंपनीला न्यायालयात खेचता येते. घरगुती जोडणीत आराखडा एकाचा, प्रोग्राम दुसऱ्याचा, सुटे भाग तिसऱ्याचे आणि जुळणी स्वतःची असते. अपघातानंतर बोट दाखवायला समोर कुणी उरत नाही.

अमेरिकी कायदा काय म्हणतो?

स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला अमेरिकेत संघराज्य पातळीवर परवाना लागत नाही. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार परवाना लागतो तो विक्रीच्या व्यवसायासाठी. लास व्हेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ रोजी झालेल्या गोळीबारानंतर ही रेषा ठळकपणे समोर आली. त्या हल्लेखोराला ॲरिझोनातील एका व्यक्तीने घरच्या कार्यशाळेत पुन्हा भरलेली काडतुसे विकल्याचे तपासात आढळले. हल्ल्यात ती वापरली गेली नव्हती. तरीही विनापरवाना काडतुसे बनवण्याच्या व्यवसायाबद्दल त्या व्यक्तीने २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०२० मध्ये तिला १३ महिन्यांची शिक्षा झाली.

अमेरिकी कायद्यात ‘ॲम्युनिशन’च्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू हे सुटे भागही येतात. त्यामुळे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला ते बाळगता येत नाहीत. यंत्राचा मात्र त्या व्याख्येत उल्लेख नाही. घरी जुळवायच्या बंदुकांच्या संचांवर, म्हणजे ‘घोस्ट गन’वर, निर्बंध घालणारा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला. काडतुसे भरणारे यंत्र, त्याची मोटार आणि प्रोग्राम मात्र कायद्याच्या नजरेत वर्कशॉपमधील इतर साधनांसारखेच राहिले आहेत.

इतर देशांत आणि भारतात काय स्थिती आहे?

जर्मनीत या छंदासाठी स्फोटके कायद्याखाली परवानगी लागते आणि त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये २००६च्या कायद्याने प्रायमरच्या विक्रीवर निर्बंध आणले. म्हणजे या दोन्ही देशांनी यंत्राऐवजी दारू आणि प्रायमर या नाक्यांवर पहारा ठेवला.

भारताने यंत्रावरही पहारा ठेवला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मधील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसांचे भाग तर येतातच, पण दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यामुळे अमेरिकेत छंद म्हणून चालणारे प्रयोग पाहून कुणी येथे तसे यंत्र जुळवले, तर काडतूस भरण्यापूर्वीच तो कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

भारतीय नेमबाजांचे यामुळे अडते का, तर बहुतांशी नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पॉइंट टू टू रिमफायर काडतुसे वापरतात. त्यांना वेगळा प्रायमर नसतो. ठिणगीचे रसायन पुंगळीच्या काठातच असते आणि झाडताना तो काठ चेपतो. म्हणून ही काडतुसे पुन्हा भरण्याजोगी नसतात. १० मीटरच्या स्पर्धा तर हवेच्या दाबावरच चालतात.

पुढे काय?

ही साधने स्वस्त होत जाणार आणि त्यांचे आराखडे खुलेच राहणार, हे उघड आहे. एखादा सेन्सर किंवा मोटार विकण्यावर बंदी घालणे शक्य नाही, कारण तेच भाग थ्रीडी प्रिंटरमध्ये आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही असतात. त्यामुळे अमेरिकेत तूर्त मदार आहे ती वापरणाऱ्याच्या शिस्तीवरच. टेबलावर एका वेळी एकच दारू ठेवणे, काटा माहीत असलेल्या वजनाने पुन्हापुन्हा तपासणे, गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहणे आणि डोळ्यांवर चष्मा ठेवणे, हे या छंदातील जुने नियम. यंत्राला मोटार आणि सेन्सर जोडल्यानंतर नेमके हेच नियम सुटण्याची शक्यता अधिक असते.