तेलाचे भाव कोणी वाढविले?

१४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केले. अधिभार धरून एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले, तर शुद्ध केलेल्या तेलावरील शुल्क पावणेचौदा टक्क्यांवरून पावणेछत्तीस टक्क्यांवर. कारण सांगण्यात आले ते सोयाबीन उत्पादक शेतकऱ्याचे. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती, मराठवाड्या-विदर्भाच्या बाजारांत सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले जात होते आणि शेतकऱ्याचा कैवार घेतल्याचे दाखविण्याची निकड राज्यकर्त्यांना भासली होती. त्या कैवाराचे पुढे काय झाले, हे तपासून पाहणे निवडणुकीतील शंभर भाषणांपेक्षा अधिक उद्बोधक ठरेल.

शुल्कवाढीचा हुकूम निघाला तेव्हा जुन्या, कमी शुल्काने आयात झालेले सुमारे ३० लाख टन खाद्यतेल देशात साठून होते. हा आकडा कोणा विरोधी पक्षाचा नव्हे, खुद्द केंद्रीय अन्न मंत्रालयाचा आहे. एवढे तेल पंचेचाळीस ते पन्नास दिवस पुरेल, तेव्हा तो साठा संपेपर्यंत छापील किंमत वाढवू नये, असे मंत्रालयाने तेलउद्योगाच्या संघटनांना सांगितले. सांगितले म्हणजे विनविले. हुकूम काढला तो ग्राहकाच्या खिशावर पडणाऱ्या शुल्काचा. उद्योगाच्या वाट्याला आली ती विनंती. परिणाम व्हायचा तोच झाला. दिवाळीची वाट पाहण्याचेही कोणाला कारण पडले नाही; त्याआधीच वाण्याच्या दुकानातील तेलाची पिशवी महागली होती, आणि भाव का वाढविले याचा खुलासा मागण्याची पाळी मंत्रालयावर आली.

३० लाख टन म्हणजे ३०० कोटी किलो. या साठ्यावर किलोमागे केवळ दहाच रुपये जादा वसूल झाले असे धरले, तरी ती रक्कम ३,००० कोटींची होते. साठ्यातील काही तेल जुन्या भावाने विकले गेले असेल, काही फरसाण-बिस्किटांच्या कारखान्यांत गेले असेल. त्यासाठी हवी तेवढी सूट द्यावी. उरेल ती रक्कमही लहान नाही. हा पैसा सरकारी तिजोरीत गेलेला नाही, कारण त्या तेलावर नवे शुल्क भरलेच गेले नव्हते. शेतकऱ्याच्या घरी तर तो गेला नाहीच.

शेतकऱ्याचे काय झाले? २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. शुल्क वाढल्यानंतरही खुल्या बाजारात सोयाबीन चार हजार ते साडेचार हजारांच्या दरम्यान रेंगाळत राहिले. सरकारी खरेदी केंद्रावर न्यावे, तर १२ टक्क्यांहून अधिक ओलावा म्हणून माल परत. ती अट १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली ती १५ नोव्हेंबरला, मतदानाला अवघे पाच दिवस उरले असताना. तोवर ज्याला देणेकरी दारात उभे होते, त्याने आडत्याच्या काट्यावर माल घालून मोकळे होणे पसंत केले होते.

तेल महाग आणि तेलबी स्वस्त, ही विसंगती समजून घेतली पाहिजे. कारण येथे केवळ ‘व्यापारी लुटतात’ एवढे म्हणून भागत नाही. एक क्विंटल सोयाबीन गाळले तर सुमारे अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड. सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर अधिक अवलंबून असतो. जागतिक बाजारात पेंड उतरली होती. शिवाय मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढण्याचा जो सपाटा सरकारी प्रोत्साहनाने सुरू झाला, त्यातून उरणारा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात शिरला आणि देशातही सोयापेंडीची मागणी घटली. म्हणजे एका हाताने शुल्क वाढवून शेतकऱ्याला आधार दिल्याचा देखावा, तर दुसऱ्या हाताने त्याच्या पेंडीचे गिऱ्हाईक हिरावून घेण्याचे धोरण. कृषिभवनात याचे गणित येणारे अधिकारी नाहीत, असे मानणे कठीण आहे.

आता तिसरा पक्ष. ‘फॉर्च्युन’ या नावाने तेल विकणारी, तेव्हाची अदानी विल्मर आणि आताची एडब्ल्यूएल ॲग्री बिझनेस, ही देशातील सर्वांत मोठ्या खाद्यतेल कंपन्यांपैकी एक. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत, म्हणजे शुल्कवाढीनंतरच्या पहिल्याच पूर्ण तिमाहीत, तिचा निव्वळ नफा सुमारे ४११ कोटी रुपये झाला. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत तो २०१ कोटी होता. सबंध २०२४-२५ चा नफा १,२२६ कोटींच्या घरात गेला. त्याआधीच्या वर्षी तो १४८ कोटी होता. आदले वर्ष तेलधंद्याला वाईट गेले होते, हे खरे. त्यामुळे तुलना फुगून दिसते, हेही खरे. कंपनीने कोणताही कायदा मोडला असे येथे म्हणायचे नाही. कायदा न मोडता हे करता येते, हाच आक्षेपाचा मुद्दा आहे.

यावर बाजारवादी अर्थशास्त्र्यांचे उत्तर ठरलेले असते. व्यापारी मालाची किंमत जुन्या खरेदीवर ठरवीत नाही, तोच माल उद्या पुन्हा भरण्यास जो खर्च येईल त्यावर ठरवितो; शिवाय त्याच सुमारास जगभर पामतेलही वाढत होते. युक्तिवाद क्षणभर मान्य करू. मग ज्या दिवशी शुल्क उतरेल त्या दिवशी, गोदामात महाग माल असला तरी, भाव उतरला पाहिजे. ३० मे २०२५ रोजी सरकारने कच्च्या तेलावरील मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. लाभ ग्राहकांपर्यंत पोहोचवा, असे जूनमध्ये पुन्हा विनविण्यात आले. जुलै २०२५ चे सरकारी आकडे पाहावेत. किरकोळ महागाई १.५५ टक्के, अन्नधान्याचा निर्देशांक आदल्या वर्षापेक्षा १.७६ टक्क्यांनी खाली. आणि त्याच महिन्यात तेल-तुपाच्या गटातील वाढ १९ टक्क्यांवर. चढताना तेलाचा भाव घोड्यावर बसतो, उतरताना त्याला संधिवात होतो.

या धंद्यात अनेक कंपन्या आहेत, मग स्पर्धेने भाव का उतरत नाहीत? जर्मन अर्थशास्त्रज्ञ इसाबेला वेबर यांनी करोनानंतरच्या महागाईचा अभ्यास करताना याचे मर्मग्राही विवेचन केले आहे. एरवी एका कंपनीने एकटीने भाव वाढविला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही धास्ती असते. परंतु शुल्कवाढ, युद्ध, टंचाई असा सर्वांना एकदम ठाऊक होणारा धक्का आला की प्रत्येकीला कळते की बाकीच्याही वाढविणार. बंद खोलीत बैठक घेण्याची गरज उरत नाही; सरकारी राजपत्रच संगनमताचे काम करते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला तर कोणी समाजवादी म्हणणार नाही. त्याच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये दाखविले की २०२२ च्या आरंभापासून युरो चलनाच्या देशांत जी भाववाढ झाली, तिचा ४५ टक्के वाटा वाढलेल्या नफ्याचा होता. आपल्या देशात मात्र महागाईवर चर्चा निघाली की रिझर्व्ह बँक व्याजदराकडे बोट दाखविते आणि मंत्री पावसाकडे.

वस्तुतः भारत सरकारचा २०२४-२५ चा आर्थिक पाहणी अहवालच कबूल करतो की मोठ्या कंपन्यांचा नफा २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांतील उच्चांकाला पोहोचला, आणि नफा २२.३ टक्क्यांनी वाढला असताना रोजगार वाढला अवघा दीड टक्का. २०१९ च्या सप्टेंबरात कंपनीकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा या सवलतीतून कारखाने उभे राहतील, हातांना काम मिळेल, असे सांगण्यात आले होते.

ज्या साधनांनी नफेखोरीला वेसण घालता आली असती, ती एकेक करून मोडीत काढण्यात आली. एके काळी आयात तेल राज्य व्यापार महामंडळामार्फत येई आणि त्याचा मोठा भाग रेशनच्या दुकानांत जाई. १९८६ ची तेलबिया मोहीम निघाली आणि नव्वदीच्या आरंभी देश तेलाबाबत जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४-९५ पासून खुल्या परवान्याने आयातीचे दरवाजे उघडले. आज गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. १९६९ चा मक्तेदारी नियंत्रण कायदा गेला. त्याच्या जागी आलेल्या स्पर्धा कायद्यात वर्चस्व किंवा संगनमत सिद्ध झाल्याखेरीज महाग विकणे हा दोषच ठरत नाही. २०२२ मध्ये तेल, चहा, बिस्किटे अशा वस्तूंच्या पुड्यांची ठरीव वजने रद्द झाली. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम, हे ज्या गृहिणीच्या हाताला ठाऊक होते, तिच्यापुढे आता ८७० ग्रॅमची, ८०० ग्रॅमची तशीच दिसणारी पिशवी ठेवली जाते. दर ग्रॅमचा भाव पिशवीवर छापलेला असतो, म्हणे. तो वाचायला भिंगही सोबत द्यावे.

आणि नफेखोरीविरोधी प्राधिकरण? वस्तू व सेवा करातील कपातीचा लाभ गिळणाऱ्यांना पकडण्यासाठी ते २०१७ मध्ये स्थापन झाले. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने हिंदुस्थान युनिलिव्हरवर सुमारे ३८३ कोटींचा ठपका ठेवला. कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली. २०२२ च्या अखेरीस प्राधिकरणाचे काम स्पर्धा आयोगाकडे गेले, तेथून ते न्यायाधिकरणाकडे सरकले, आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणेच बंद झाले. त्यानंतर सहाच महिन्यांच्या आत, २२ सप्टेंबर २०२५ ला, खाद्यपदार्थांवरील कराची मोठी कपात वाजतगाजत लागू झाली. चौकीदाराला रजा देऊन कोठार उघडण्याचा हा क्रम योगायोगाचा मानावा काय?

ज्या घरात खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग अन्नावर जातो (२०२३-२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तो ४७ टक्के आहे) तेथे तेलाची पिशवी महागली की आधी भाजीतील तेल कमी होते, मग भाजीच. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी पक्षभेद बाजूला सारून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. त्या चळवळीचे बळ केवळ घोषणांत नव्हते. माल कोणाकडे दडला आहे, रेशनवर किती आला, किती गेला, याचा हिशेब त्या बायका मागत.

आज तसाच हिशेब मागता येण्यासारखा आहे. साठवणीची मर्यादा घालण्याचा अधिकार १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने सरकारला आजही आहे. २०२० मध्ये तो लुळा केला गेला होता. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांनी तो परत मिळवून दिला. ठरीव वजनाच्या पिशव्या पुन्हा सक्तीच्या करायला नवा कायदा लागत नाही, एक अधिसूचना पुरते. रेशनवर तेल देता येते, हे ‘आनंदाचा शिधा’ देऊन राज्य सरकारनेच सिद्ध केले होते. शंभर रुपयांच्या त्या पिशवीत एक लिटर पामतेल असे, आणि २०२५ च्या दिवाळीत पैसे नाहीत म्हणून ती बंद राहिली. खरेदी केंद्रासमोर रांगेत उभा असलेला सोयाबीनवाला आणि वाण्याकडे पावशेर सुटे तेल मागणारी मोलकरीण यांना एका मोर्चात आणणे अवघड नाही, कारण दोघांना ज्याने नाडले तो एकच आहे. मोर्च्याच्या निवेदनात पहिली मागणी त्या ३० लाख टनांची असावी: कोणत्या कंपनीकडे त्यातले किती होते, ते किती तारखेला कोणत्या भावाने विकले गेले, हे संसदेच्या पटलावर ठेवा.