अंडी चाळीस, घरे किती?

रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा आणि लांबलचक जीभ फेकून किडा टिपणारा शॅमेलिऑन तुम्ही निदान चित्रात तरी पाहिला असेल. आपल्याकडील सरडगुहिरा हा त्याच कुळातला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. त्याला पकडता किंवा पाळता येत नाही. अमेरिकेत व युरोपात मात्र येमेनी शॅमेलिऑन पाळणारे हौशी लोक बरेच आहेत. त्यांच्यापुढे कधी ना कधी प्रश्न येतो : नर-मादी एकत्र आणून पिले वाढवावीत काय?

वाढवावीत, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. घरी जन्मलेली पिले मिळू लागली, की रानातले प्राणी धरून आणण्याचे कारण कमी होते. शिवाय अंडे फोडून बाहेर येणारा जीव पाहणे, हे केवढे शिक्षण! तरीही या प्रश्नाचे उत्तर हौसेने न देता गणिताने द्यावे, असे आमचे मत आहे.

येमेनी मादी एका वेळी साधारण २० ते ७० अंडी घालते. आपण ४० धरू. ती उबायला सहा ते नऊ महिने लागतात. समजा, ३० पिले जगली आणि प्रत्येकाने दिवसाला दहाच बारीक किडे खाल्ले. तरी रोज ३०० जिवंत किडे हवेत! त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची आणि पिलांना अतिनील किरणांचा दिवाही द्यायचा. नाहीतर हाडे मऊ पडून वाकतात. हा प्राणी वाटीतले पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून रोज पाणी फवारायचे. त्यातून स्वभाव एकलकोंडा. मोठेपणी प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा लागतो. शिवाय मादी शुक्रजंतू साठवून ठेवते, त्यामुळे नर पुन्हा न भेटताही ती फलित अंड्यांचा आणखी एखादा घाणा घालू शकते. म्हणजे हे गणित एकदाच सुटत नाही.

‘जास्त झाली तर बाहेर सोडून देऊ’ असे कोणी म्हणेल. १९७२ साली केनियातून हवाईच्या ओआहू बेटावर आणलेले काही जॅक्सन शॅमेलिऑन बागेत मोकळे सुटले. आज त्यांचा वंश हवाईच्या इतर बेटांवरही आढळतो आणि तेथील मूळच्या कीटकांचा व दुर्मीळ गोगलगाईंचा फडशा पाडतो. म्हणजे सोडून देणे ही दया नव्हे. आपले ओझे दुसऱ्या जीवांच्या माथी मारणे होय.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की आधी घरे ठरवावीत, मग जोडी जमवावी. पिले कोण नेणार, त्याला ती सांभाळता येतील काय आणि कोणीच न नेल्यास सगळी आपल्याला पोसता येतील काय, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती नसतील, तर नर-मादी वेगळे ठेवावेत. त्यात छंद कमी पडत नाही. एकच प्राणी नीट जगवणे हीसुद्धा जाणत्या माणसाचीच हौस आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी सशांची जोडी असेल, कोणाच्या बरणीत गप्पी मासे असतील. हेच गणित एकदा त्यांच्यासाठीही मांडून पाहा.