पेटीत राहिलेला आवाज

रमजानमध्ये आमच्या घरी गाणी बंद असतात. अम्मीचा नियम आहे, मीही पाळतो. परवा विद्यार्थ्यांनी विचारलं, "सर, सरलेल्या वर्षातलं आवडतं संगीत कोणतं?" मी लगेच सांगितलं, नुसरत फतेह अली खान यांचा 'चेन ऑफ लाइट'.

खाँसाहेब १९९७ मध्ये गेले. हा अल्बम आला सप्टेंबर २०२४ मध्ये. इंग्लंडच्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत १९९० साली मुद्रित झालेली टेप तिथल्याच संग्रहात पडून होती. त्यात चार कव्वाल्या आहेत, पैकी 'या गौस या मीराँ' रसिकांना तोवर ठाऊकच नव्हती. तेव्हा खाँसाहेब ४१ वर्षांचे, म्हणजे आजच्या माझ्याहून लहान.

कुणीतरी ती टेप टाकून दिली नाही, म्हणून हे ऐकायला मिळालं. मला हे जमलं नाही. अब्बा गेल्यावर, उरुसात त्यांनी टेप केलेल्या कव्वालीच्या कॅसेटी मी भंगारात दिल्या. अम्मी काही बोलली नाही.

तुमच्या माळ्यावर आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी असतील, तर टाकू नका. ईदनंतर घेऊन या. शिरखुर्मा खाऊ आणि त्या मोबाइलवर उतरवून घेऊ.