घरचे बी, घरचे रोप

भाद्रपदातील गणपती पाण्यात गेले, की पेणच्या गणपतींच्या कारखान्यांतील धांदल थोडी ओसरते. पावसाचा जोर उतरलेला असतो. खाचरांतील भात लोंब्या धरू लागतो आणि पागोळ्यांची धार दिवसेंदिवस बारीक होत जाते. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतील पुष्कळ घरांच्या पडवीत याच दिवसांत एक लहानसे काम होत असे. ते काम म्हणजे येत्या हंगामासाठी मिरचीचे बी टाकण्याचे. आज हे काम मागे पडत चालले आहे, कारण बाजारात तयार रोपे मिळतात. माझे मत असे, की हे काम आपण सोडू नये, आणि सोडले असेल तर पुन्हा हाती घ्यावे. असे मला का वाटते, ते सांगण्यासाठी आमच्या घरातीलच एक गोष्ट सांगतो.

आमचे घर रोह्याला, कुंडलिकेपासून हाकेच्या अंतरावर. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. घटस्थापनेच्या आधी आठपंधरा दिवस आजी मला नारळाच्या करवंट्या गोळा करावयास लावी. त्यांतूनही डोळ्यांच्या बाजूची करवंटीच ती निवडी, कारण तिचा मऊ डोळा खिळ्याने टोचला म्हणजे जादा पाणी वाहून जाण्यास आयती वाट होते. मग गाळाची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर भाताचा तूस कालवून आम्ही करवंट्या भरीत असू. चुलीवरच्या माळ्यावरून चिंधीची एक पुरचुंडी खाली येई. तिच्यात राखेत घोळलेले मिरचीचे बी असे.

ती मिरची बोटाच्या एका पेराएवढी, आभाळाकडे तोंड करून वाढणारी आणि विलक्षण तिखट होती. दोन मिरच्यांत वालाच्या बिरड्याचे सगळे पातेले जागे होई. तिला काही नाव नव्हते. आम्ही तिला नुसती ‘आपली मिरची’ म्हणत असू. माझी आत्या पेण तालुक्यातील एका खारपट्टीच्या गावी दिलेली. ती भाऊबीजेला माहेरी येई, तेव्हा रोपे वीतभर झालेली असत. जाताना आजी तिला ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळून दहा रोपे देई. भाऊबीजेच्या ओवाळणीइतकीच ती रोपे नेमाची असत.

पुढे आजी गेली. काही वर्षे आईने हा नेम पाळला. नंतर एका वर्षी मला नोकरीच्या गडबडीत वेळ झाला नाही, म्हणून मी बाजारातून तयार रोपे आणली. ती चांगली निघाली. दुसऱ्या वर्षीही मी तेच केले, तिसऱ्या वर्षीही. चौथ्या वर्षी मात्र मनात आले, की यंदा आपली मिरची लावू. पुरचुंडी काढली, करवंट्या भरल्या, पंधरा दिवस पाणी शिंपडले. एकही बी रुजले नाही. मिरचीचे बी दोनतीन वर्षांत आपली शक्ती गमावते, आणि कोकणाच्या दमट हवेत तर त्याहूनही लवकर, हे मला तेव्हा कळले.

मी आत्याला दूरध्वनी केला. ती म्हणाली, “अरे, मीच तुला निरोप धाडणार होते! उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली आणि परसात गुडघाभर खारे पाणी उभे राहिले. झाडे तेव्हाच गेली. म्हटले, माहेरी आहे ना बी.”

आम्ही दोघेही एकमेकांच्या भरवशावर निश्चिंत होतो! मी आळीतील चार घरे विचारून आलो. प्रत्येक घरी उत्तर एकच मिळाले, की आता आम्हीही रोपे विकतच आणतो. तीन पिढ्या सांभाळलेली वस्तू आमच्या हातून गेली होती, आणि ती गेल्याचा दिवससुद्धा कोणाच्या लक्षात आला नव्हता.

रोपे विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. रोपवाटिकेत बारीक जाळीच्या आडोशाला, नारळाच्या भुश्यात वाढविलेली रोपे पुष्कळदा आपल्या रोपांहून सशक्त असतात. पाने आकसविणारा बोकड्या रोग फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे येतो. जाळीमुळे या किडी दूर राहतात. ज्याला एक एकर मिरची लावावयाची आहे, त्याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एकरी सुमारे १५,००० रोपे लागतात. एवढ्या करवंट्या कोठून आणावयाच्या? अशा शेतकऱ्याने खुशाल रोपे विकत घ्यावी. पण आपल्या परसात लागतात पाच किंवा सहा झाडे. त्यांच्यासाठीही आपण बाजाराकडे धाव घ्यावी, हे मला पटत नाही.

शिवाय विकतच्या रोपांत एक गोष्ट पाहून घ्यावी लागते. त्यांतील पुष्कळशी संकरित बियाण्यांची असतात. दोन निराळ्या वाणांच्या संयोगाने तयार केलेले हे बी पहिल्या पिढीत उत्तम पीक देते. परंतु त्याच झाडाचे बी धरून पेरले, तर पुढची झाडे आईसारखी निघत नाहीत. कोणी उंच होते, कोणी खुजे. कोणाची मिरची तिखट, तर कोणाची मिळमिळीत. म्हणजे दरवर्षी नवे रोप विकत घेणे आलेच. याउलट घरच्या सरळ वाणाचे बी वर्षानुवर्षे धरता येते. मात्र शेजारी दुसरी मिरची लावलेली नसावी, कारण मधमाश्या एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि दोन्ही वाणांची भेसळ होते.

मिरची ही मूळची आपली नव्हेच, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. तिची जन्मभूमी अमेरिका खंड. मेक्सिकोतील लोक ६,००० वर्षांहून अधिक काळापासून ती खात आले आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज दर्यावर्दींनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा येई तो मिरी, पिंपळी आणि आले यांचा. मिरीवरूनच आपल्या लोकांनी या नव्या पाहुणीला मिरची हे नाव दिले. आमची कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याला पोर्तुगिजांचा किल्ला होता आणि १७४० सालापर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. आता विचार करा. ज्या बियांची शक्ती दोनतीन वर्षांत संपते, त्या बियांची मिरची सुमारे पाचशे वर्षे आपल्या देशात टिकली. याचा अर्थ, दर वर्षी किंवा वर्षाआड कोणीतरी आठवणीने लाल मिरची वाळविली, बी राखले आणि पुन्हा पेरले. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. बहुतेक त्या आमच्या आजीसारख्या बायका असाव्यात.

आपल्या काळात अशा एका बाईचे नाव मात्र सर्वांना ठाऊक झाले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, भाज्या यांची गावठी बियाणी गोळा करून सांभाळली आणि इतरांना वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या देशाच्या २००१ सालच्या कायद्यानेही शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क दिला आहे. परंतु हक्क कागदावर असून काय उपयोग? पुरचुंडीतच बी नसेल, तर तो बजावणार कसा?

रोप करणे अवघड नाही. तरी पहिल्या खेपेला बहुतेकांची रोपे मरतात, आणि ती प्रेमापायी मरतात! मूल सकाळी पाणी घालते, शाळेतून आल्यावर घालते आणि निजण्यापूर्वीही घालते. माती सदा ओली राहिली म्हणजे तिच्यात बुरशी वाढते. जमिनीलगत रोपाचा देठ दोऱ्यासारखा बारीक होतो आणि काल ताठ उभे असलेले रोप आज आडवे पडलेले दिसते. याला रोपे कोलमडणे म्हणतात. आमच्याकडे भरपावसात बी टाकीत नाहीत, ते यासाठीच. पाऊस ओसरल्यावरही करवंट्या पागोळ्यांखाली न ठेवता पडवीत, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवाव्या. मातीत बोट घालून पाहावे. बोटाला ओल लागली, तर त्या दिवशी तांब्या हाती घेऊ नये.

बी धरावयाचे ते निरोगी झाडावर पूर्ण लाल झालेल्या मिरचीचे. तिखटपणा बियांत असतो असे आपण समजतो. वस्तुतः तो बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात असतो. म्हणून बी काढताना हात डोळ्यांना लावू नये, हे मी अनुभवाने सांगतो. बुलबुल आणि पोपट मात्र हीच मिरची आनंदाने खातात. आपल्या अंगात उष्णता आणि दाह ओळखणारी जी यंत्रणा आहे, तिला मिरचीतील द्रव्य चेतविते. पक्ष्यांच्या यंत्रणेवर त्याचा परिणाम होत नाही. ही यंत्रणा शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञास २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पक्ष्याच्या पोटातून बी न मोडता बाहेर पडते आणि नव्या जागी रुजते.

करंगळीच्या नखाएवढ्या खोलीवर टाकलेले बी आठदहा दिवसांत उगवते. देवघरातील घटाचे धान उगवते, त्याहून हे थोडे सावकाश. पाचसहा आठवड्यांनी रोप वीतभर झाले, की संध्याकाळच्या वेळी परसात लावावे.

पेणच्या खारपट्टीत राहणाऱ्या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगेन. मिरचीच्या कोवळ्या रोपाला खारे पाणी सोसत नाही. तुमच्याकडे गोड्या पाण्याचा तुटवडा असतो, हे मी जाणतो. आत्याच्या घरी पाण्याचा प्रत्येक हंडा मोजून खर्च होताना मी पाहिला आहे. पण पाच करवंट्यांना लागते ते एक तांब्याभर पाणी. गोड्या पाण्यात धुतलेल्या तांदळाचे धुवण त्यांना पुरते. जमिनीत खार असेल, तर झाड शेवटपर्यंत जुन्या घागरीत किंवा डब्यात वाढवावे. रोह्याच्या मुलांना ही अडचण नाही. मुळशीच्या धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते, त्यामुळे आमची नदी उन्हाळ्यातही वाहते. पाणी दारात असून बी नाहीसे केले ते आम्हीच!

गेल्या वर्षी रोह्याच्या बाजारात एका कातकरी बाईच्या टोपलीत मला लहान, उभ्या वाढणाऱ्या लाल मिरच्या दिसल्या. त्या कोठून आणल्या असे विचारता ती म्हणाली, “लावल्या नाहीत, पाखरांनी टाकल्यात.” ती आमचीच मिरची, असे मी म्हणणार नाही, आमची थोडी आखूड होती असे आठवते. तरी मी मूठभर विकत घेतल्या, सावलीत वाळविल्या आणि यंदा अकरा करवंट्यांत बी टाकले. आठ करवंट्यांत उगवले आहे. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. भाऊबीजेला तिला पाच रोपे पोहोचवावयाची असे ठरले आहे आणि तिने ओटीवर जुनी घागर मातीने भरून ठेवली आहे. उरलेल्या तिघांपैकी दोन आमच्या परसात लागतील. एक आळीतील ज्या घरी पहिल्यांदा बी विचारावयास गेलो होतो, त्या घरी द्यावयाचे आहे.