एक मफिन म्हणजे केवढा?

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतून सांगलीला जाताना मी वहिनींसाठी मफिनचा पॅन नेला होता. बारा वाट्यांचा, चांगला जाड पत्र्याचा. वहिनींनी नुकताच ओटीजी घेतला होता आणि केकमध्ये त्यांचा हात बसला होता, तेव्हा म्हटलं आता पुढची पायरी. दुसऱ्या दिवशी सगळं मिश्रण कालवून तयार, ओव्हन तापलेला, आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो भावोजी, दार लागत नाहीये!"

आडवा घालून पाहिला, उभा घालून पाहिला, तिरका घालून पाहिला. पॅन ३५ सेंटिमीटर लांब, त्याला वर दोन कान. ओव्हन आतून ३३ सेंटिमीटर रुंद. दोन सेंटिमीटरनी घोटाळा झाला. बावीस वर्षं ड्रॉइंगवर मापं लिहिणारा माणूस, आणि सातासमुद्रापलीकडून भेट आणताना "आतून किती आहे हो?" एवढा एक प्रश्न फोनवर विचारायला विसरला. त्या दिवशी मफिन स्टीलच्या वाट्यांत झाले आणि उत्तम झाले, हे माझ्या जखमेवर मीठ.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे, आणि ते आज मांडतो. मफिनचा पॅन पाककृतीतला फोटो बघून घेऊ नये. आधी ओव्हन बघावा, मग खाणारी तोंडं बघावीत. आणि बहुतेक मराठी घरांना बारा वाट्यांचा नव्हे, सहा वाट्यांचा साधा पॅनच योग्य आहे.

आधी आकारांचा गोंधळ निस्तरू. इडलीपात्र किंवा आप्पेपात्र घेताना आपल्याला फार विचार करावा लागत नाही. इडली साधारण इडलीएवढीच असते. मफिनचं तसं नाही. इथे तीन आकार सर्रास मिळतात. मिनी, वाटीचं तोंड साधारण साडेचार सेंटिमीटर आणि त्यात ३० मिलिलिटर पाणी मावतं. स्टँडर्ड, तोंड सात सेंटिमीटर, मावतं ढोबळ मानाने १२० मिलिलिटर. आणि जंबो, तोंड नऊ सेंटिमीटर, मावतं २४० च्या आसपास. कंपन्यांनुसार थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून घरी आणलेल्या पॅनची एक वाटी पाण्याने काठोकाठ भरावी आणि ते पाणी मोजावं. दोन मिनिटांचं काम आहे. नंतर वाटी दोन तृतीयांश भरायची, म्हणजे स्टँडर्डमध्ये साधारण ८० मिलिलिटर मिश्रण. बाकीची जागा फुगायला.

आता गंमत बघा. मिनीपेक्षा जंबोचं तोंड फक्त दुप्पट, पण आत मावतं आठपट. शाळेत घन शिकलो होतो तो हाच. उष्णता मात्र बाहेरून आत जाते, त्यामुळे मोठ्या मफिनचा मध्य शिजायला वेळ लागतो. मिनी १० ते १२ मिनिटांत होतात, स्टँडर्ड १८ ते २० मिनिटांत, जंबोला २५ ते ३० मिनिटं लागतात आणि आचही थोडी कमी ठेवावी लागते. इथल्या घरांतला ओव्हन आतून जवळजवळ ६० सेंटिमीटर रुंद असतो, तापणाऱ्या कांड्या लांब असतात, त्यात जंबो निभावतो. आपल्या ओटीजीमध्ये त्या कांड्या अगदी डोक्यावर आणि पायाशी. तिथे जंबो घातला तर वरून काळा आणि आतून कच्चा होण्याची भीती फार. काळ्या रंगाचा पॅन असेल तर बूडही लवकर करपतं.

ओव्हनच्या खोक्यावर लिटर लिहिलेले असतात, त्यावर जाऊ नका. वहिनींचा ओव्हन आतून ३३ बाय २७ बाय २२ सेंटिमीटर, म्हणजे गुणाकार केला तर साडेएकोणीस लिटर. पण लिटरवरून लांबी कळत नाही. टेप घ्या, आतली रुंदी आणि खोली मोजा, आणि चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर वजा करा, कारण गरम हवेला फिरायला जागा हवी. जे उरेल ते पॅनचं कमाल माप, कानांसकट! साधारण २७ बाय १८ चा सहा वाट्यांचा पॅन वहिनींच्या ओव्हनमध्ये ऐटीत बसतो. ओव्हन याहूनही लहान असेल तर पॅनच्या भानगडीत पडू नये. सुट्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्या ट्रेमध्ये ठेवाव्यात.

"पण पाककृती बाराची असते, मग सहाच्या पॅनात दोन घाण्यांत करू," असं कुणी म्हणेल. बिनअंड्याचे, दही आणि सोडा घातलेले मफिन असतील तर असं करू नका. दह्यात सोडा पडला की बुडबुडे लगेच सुरू होतात, ते वीस मिनिटं तुमची वाट बघत बसत नाहीत. दुसरा घाणा बसका होतो. सरळ पाककृती निम्मी करावी. दोन अंड्यांचं एक होतं, हिशोबही सोपा.

आता दुसरा मुद्दा, माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. बाबा इथे आले होते तेव्हा मी हौसेने जंबो मफिन केले. बाबांना मधुमेह. डॉक्टरांनी सांगितलेलं, "कधीतरी एखादा गोड पदार्थ चालेल." बाबा शिस्तीचे, त्यांनी एकच खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर तपासली आणि आमचे चेहरे उतरले.

हिशोब करून पाहिला. बारा स्टँडर्ड मफिनना १५० ग्रॅम साखर लागते असं धरू. म्हणजे एकात साडेबारा ग्रॅम. तेच मिश्रण जंबोत घातलं की सहा होतात, एकात २५ ग्रॅम. मिनीत घातलं तर ४८ होतात, एकात जेमतेम तीन ग्रॅम. पाककृती तीच, "एकच खाल्ला" हे वाक्यही तेच. बाबांची काहीच चूक नव्हती. "एक" हे माप मी बदललं होतं, तेही पॅन विकत घेताना.

अमेरिकेत राहून मला हे उशिरा कळलं. इथे दुकानातला मफिन जंबोच असतो, आणि तो बघून बघून डोळ्याला तोच "एक" वाटायला लागतो. घरचा पॅनही मग त्याच मापाचा आणला जातो. माणूस सहसा अर्धा मफिन ठेवून उठत नाही. पानात आलं ते संपवायचं, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं! म्हणून ठरवायचं ते खाताना नाही, पॅन घेताना.

तर मंडळी, घरात लहान मुलं किंवा मधुमेहाचं माणूस असेल तर मिनी घ्या, नाहीतर सहा वाट्यांचा स्टँडर्ड. जंबो कृपया दुकानातच राहू द्या. (ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी निम्म्याहून कमी भरावा. मफिन दिसायला चपटा होतो, पण बाबा खूश राहतात.)

बारा वाट्यांचा तो पॅन अजून सांगलीलाच आहे. दादा त्यात खिळे, स्क्रू आणि वॉशर ठेवतो. प्रत्येक वाटीत वेगळा आकार, अगदी मोजून.