पिकाचं खत, पानवेलीचं पोट

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. थंडीत तिथं दूरदेशीची पाखरं उतरतात. २०२० साली या पाणथळीचं नाव रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातली ती पहिलीच. पण त्याच पाण्यावर पानवेल माजते. वरच्या शहरांचं सांडपाणी नदीत येतं, तो दोष आपल्या माथी नको. मात्र द्राक्षबागा, कांदा, उसाच्या रानातून जे वाहतं, त्याचा हिशेब आपलाच.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असतं. पाऊस तोंडावर असताना ती फोकली, की विरघळलेलं नत्र काही ओढ्याला लागतं, काही विहिरीत झिरपतं. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं! पैसा आपला, पोसते पानवेल. ती कुजू लागली की पाण्यातला प्राणवायू सरतो आणि मासे मरतात. विहिरीतलं नत्र तर घरात शिरतं. पाणी उकळलं म्हणजे निर्धास्त, असं बायाबापड्या समजतात. पण उकळून नत्र जात नाही, आणि त्या पाण्यात कालवलेलं डब्याचं दूध तान्ह्या बाळाला बाधू शकतं.

स्फुरदाची चाल निराळी. ते मातीच्या कणाला चिकटून बसतं. बांध फुटून गढूळ पाणी गेलं, की त्यासोबत डीएपीही गेलं म्हणून समजा.

तेव्हा युरियाचे हप्ते पाडा. ठिबक असेल तर त्यातूनच थोडा थोडा सोडा. स्फुरद मात्र पेरतानाच मातीआड करा, वर पसरू नका. नांगरट उताराला आडवी घाला. आणि ओढ्याकाठची चार-सहा पावलं नांगराबाहेर ठेवून तिथं मारवेल लावा. दाट गवतात पाण्याचा वेग मोडतो, गाळ तिथंच बसतो. जमीन वाया गेली म्हणून कुरकुर होईल. पण काठावर पीक तरी कुठं धड येतं? मारवेल कापून गोठ्यात घाला. उकिरडाही ओढ्यापासून लांब हलवा.

जुन्या द्राक्षबागेत वर्षानुवर्षं स्फुरद पडलेलं असतं. छाटणीआधी माती तपासून घ्या. अहवालात स्फुरद भरपूर आलं, तर यंदा डीएपीची गोणी दुकानातच राहू द्या.