आरोग्य-विचार : अर्धांगवायूनंतरचा हात

घरातील वडील माणसाच्या अंगावरून वारे गेले म्हणजे एकत्र कुटुंबातील सर्वजण त्यांच्या सेवेस लागतात. सून घास भरविते, नातू सदऱ्याच्या गुंड्या लावतो. ही सेवा प्रेमाचीच होय. तथापि तिचा अतिरेक झाल्यास दुबळा हात अधिकच निकामी होण्याचा संभव असतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

वस्तुतः या विकारात बिघाड हातात नसून मेंदूत असतो. तेथील रक्तवाहिनी तुंबते वा फुटते, आणि मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली तर बहुधा उजवा हात लुळा पडतो. स्नायू शाबूत असतात. त्यांस मिळणारी आज्ञा मात्र क्षीण व विस्कळीत होते.

स्नायू आकुंचन पावताना त्यात अत्यल्प वीज उत्पन्न होते. त्वचेवर लहान चकत्या चिकटवून तिचा आलेख काढता येतो. त्यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली ही की, हात हललेला डोळ्यांस दिसत नसतानाही कित्येकदा स्नायूत स्पंद उमटलेले असतात; अर्थात रुग्णाचा प्रयत्न अगदीच व्यर्थ नसतो. दुसरी अशी की, हात पुढे करताना दंडाच्या मागील स्नायूने आखडावे व पुढील स्नायूने सैल व्हावे, हा स्वाभाविक क्रम मोडून पुष्कळदा दोन्ही एकदम ताठरतात. त्यातच हाताचा भार खांद्याने उचलावा लागला की कोपर वाकते. तोच हात मेजावर टेकविल्यास कोपर अधिक सरळ होऊ शकते. म्हणून घडी केलेल्या पंचावर तळहात ठेवून तो मेजावरून पुढे सरकविणे, हा साधा व्यायामही सशास्त्र ठरतो. मात्र खांदा उचलून वा धड झुकवून हात पुढे नेला जात नाही ना, हे पाहणाऱ्याने पाहावे.

अमेरिकेत २००६ साली २२२ रुग्णांवरील एका चाचणीचे फल प्रसिद्ध झाले. ज्यांची मनगटे व बोटे थोडी तरी उघडत होती, अशांच्या चांगल्या हातास दोन आठवडे मोजा घालून दुबळ्या हाताकडून कामे करवून घेतली. वर्षानंतरही त्यांचा हात इतरांपेक्षा अधिक उपयोगी पडत होता.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा वैद्यकीय संस्थेचे भौतिकोपचार महाविद्यालय आहे. परंतु अकोले तालुक्यातील डोंगराळ गावाहून रोज तेथे जाणे कितीकांस साधणार? तज्ज्ञांनी व्यायाम ठरवून द्यावा आणि तो घरच्यांनी नित्य करवून घ्यावा, हाच मार्ग उरतो.

तेव्हा रुग्णास उठविताना दुबळा हात धरून ओढू नये. खांदा निखळण्याचे भय असते. भाताचा घास सांडला तरी सांडू द्यावा. गुंडी लावण्यास पाव तास लागला, तर पाव तास थांबावे. घरच्यांनी एवढा धीर धरणे, हीही सेवाच होय.